कॉलनी रस्त्यावरचे खड्डे आणि खचलेला चर : महापालिकेकडून पक्की दुरुस्ती कशी करून घ्यायची?

म्हसरूळकर

मंडळी, नाशिकला म्हसरूळमध्ये दिंडोरी रोडला येऊन मिळणारा कॉलनी रस्ता आहे. लांबी साधारण ४०० मीटर, ले-आउटमध्ये रुंदी ९ मीटर, प्रत्यक्ष डांबर सहाएक मीटरवर. डाव्या कडेने पाइपसाठी चर खणला गेला. तो निघालेल्या मातीनेच बुजवला आणि वर मुरूम टाकला. पावसात चर खचला. आता त्याच्या कडेचं डांबर तुटत तुटत रस्त्याच्या मध्यापर्यंत आलंय. उरलेल्या भागात वीसेक खड्डे आहेत, काही ताटाएवढे, काही अख्खा टेम्पो डुलवणारे.

पाच सोसायट्या मिळून अर्ज करणार आहोत. अर्ज कोणाच्या नावाने करायचा? पुन्हा मुरूम पडू नये म्हणून मागणीत नेमकं काय लिहायचं? चराची जबाबदारी कोणाची? माहिती अधिकार वापरायचा तर काय मागायचं? ज्यांना कामाची आणि कागदाची दोन्हीकडची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

फाइल_नंबर

अर्ज लिहायच्या आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते कागदावर बघा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, त्यांची हेल्पलाइन १०३३. शहराबाहेर पडणारे राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, त्यांच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांसाठी पीसीआरएस नावाचं वेगळं अॅप आहे. सातपूर-अंबडला कारखान्यांच्या भागात असाल तर एमआयडीसी की मनपा हे आधी विचारून घ्यायचं. बाकी विकास आराखड्यातले आणि कॉलन्यांमधले रस्ते महापालिकेचे.

तुमच्या रस्त्यात मात्र एक मेख असू शकते. ९ मीटर रुंदी म्हणजे बहुधा ले-आउटचा अंतर्गत रस्ता. विकासकाने तो महापालिकेच्या ताब्यात दिलेला नसेल तर 'खासगी रस्ता आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि अर्ज तिथेच संपतो. म्हणून नगररचना विभागातून अंतिम मंजूर अभिन्यासाची, म्हणजे ले-आउटची, प्रत काढा आणि ताबा दिल्याची नोंद बघा. नोंद सापडली नाही तरी हात टेकू नका. त्या रस्त्याचं डांबरीकरण पूर्वी मनपाच्या खर्चाने झालेलं असेल, तर त्या कामाचा कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर) तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद. सरकारी पैसा खर्च झालाय म्हटल्यावर 'खासगी' म्हणणं अवघड जातं.

महापालिकेचे सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड. म्हसरूळ पंचवटीत. अर्ज कार्यकारी अभियंता (बांधकाम), पंचवटी विभाग यांच्या नावाने करा. प्रती विभागीय अधिकाऱ्यांना, राजीव गांधी भवनात शहर अभियंत्यांना आणि प्रभागातल्या नगरसेवकांना. आयुक्तांच्या नावाने केलेला अर्ज खाली झिरपत शेवटी त्याच शाखा अभियंत्याच्या टेबलावर येतो, फक्त उशिरा येतो.

एनएमसी ई-कनेक्ट अॅपवरही तक्रार टाका. त्यातून तक्रार क्रमांक आणि तारीख मिळते, पुढच्या प्रत्येक कागदावर ती लागते. अशा तक्रारी कुठल्याही शहरात बऱ्याचदा मुरमाचं एक घमेलं टाकून 'निकाली' निघतात. तसं झालं तर त्याच दिवशी मोजपट्टीसह फोटो काढून नवी तक्रार टाकायची आणि तिच्यात जुना क्रमांक लिहायचा.

आता खड्ड्यांचं वर्णन. 'रस्त्याची चाळण झाली आहे' या वाक्यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. दिंडोरी रोडचा कोपरा शून्य धरा आणि तिथून टेपने अंतर मोजत चला. प्रत्येक खड्ड्याला एक ओळ : अंतर, डावी की उजवी बाजू, लांबी, रुंदी, खोली, जवळच्या पथदीपाच्या खांबाचा क्रमांक. खोली मोजायला खड्ड्यावर आडवी सरळ काठी ठेवा आणि काठीच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत पट्टी धरा. फोटोत काठी आणि पट्टी दोन्ही दिसू द्या. शेवटी सगळ्या खड्ड्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज चौरस मीटरमध्ये. हा तक्ता जोडलेला अर्ज शाखा अभियंत्याचं अर्धं काम करतो, म्हणून तो पुढेही सरकतो.

हॉटमिक्स

मागणीत नुसतं 'खड्डे बुजवावेत' लिहिलंत तर मुरूम टाकूनही ती पूर्ण झाली असं दाखवता येतं. मुरमात मातीचा अंश असतो. पाणी लागलं की तो लोणी होतो, वर चाक आलं की चिखल बाजूला फेकला जातो आणि खडी मोकळी पडते. पेव्हर ब्लॉकही नकोत. डांबर आणि ब्लॉक यांची लवचिकता वेगळी, त्यामुळे सांध्यातून पाणी उतरतं आणि महिन्याभरात ब्लॉकच्या कडेने नवा खड्डा तयार होतो.

पॅचचं बरोबर काम असं असतं. खड्ड्याभोवतीचं डांबर, जिथपर्यंत भेगा दिसतात आणि ठोकलं की पोकळ आवाज येतो तिथपर्यंत, कटर किंवा ब्रेकरने चौकोनी कापायचं. बाजू उभ्या, ९० अंशात. गोल खड्ड्याची उतरती कड तशीच ठेवून वर माल टाकला तर कडेला त्याची जाडी जेमतेम सेंटिमीटरभर राहते आणि तो पापडासारखा उडतो. मग तळातला सगळा सैल माल, चिखल, पाणी काढायचं. खराटा पुरत नाही, कॉम्प्रेसरची हवा लागते. तळ आणि उभ्या बाजूंवर इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) टॅक कोट, म्हणजे माल चिकटवणारा पातळ थर, चौरस मीटरला साधारण २०० ते ३०० ग्रॅम. तो आधी तपकिरी दिसतो, पाणी सुटून काळा झाला की मगच माल. तपकिरी असतानाच डंपर उलटा केला की चिकटणारं काहीच राहत नाही. घाईत सगळ्यात आधी हाच टप्पा गळतो, आणि कामानंतर तो दिसतही नाही.

खोली १० सेंमीपेक्षा जास्त असेल तर आधी खाली खडीचा थर दाबून घ्यायचा, त्यावर डांबरी माल. डांबरी माल एका वेळी ५ ते ७.५ सेंमीपेक्षा जाड टाकायचा नाही, जास्त असेल तर दोन थर. दाबायला छोटा रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. अगदी लहान खड्ड्यात धुमस चालेल. डंपरचं मागचं चाक दोनदा फिरवणं म्हणजे दाबणं नव्हे, हे साइटवर तोंडावर सांगायची तयारी ठेवा. दाबून झाल्यावर पॅच आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा अगदी किंचित, ३ ते ५ मिमी वर राहिला पाहिजे, वाहतुकीखाली तो बसतो. खाली राहिला तर पहिल्याच पावसात तिथे थाळीसारखं पाणी साचतं.

तापमान : व्हीजी-३० या दर्जाच्या डांबराचा माल टाकताना किमान १४० अंश सेल्सिअस हवा आणि दाबणं ९० अंशांच्या आत जाण्याआधी संपायला हवं. पॅचच्या कामात नेमकं हेच बिघडतं. एक गाडी माल घेऊन निघते, तीसेक खड्डे फिरते, दुपारनंतरच्या खड्ड्यांना गार माल मिळतो. ओळखायची खूण सोपी आहे. ताजा माल चकचकीत काळा असतो, फावड्यावरून सळसळत घसरतो. गार झालेला करडा दिसतो, ढेकळं होतात आणि मजूर फावड्याच्या पाठीने ती फोडत बसतात. गाडीवर ताडपत्री आहे का तेवढं तरी बघा. साइटवर थर्मामीटर असणं अपेक्षितच असतं. तो मागितला म्हणून कोणी रागावलं तर समजून जायचं.

हिशेबासाठी : १ मीटर बाय १ मीटर, ५ सेंमी खोल खड्ड्याला दाबल्यानंतर साधारण ११५ किलो हॉटमिक्स, म्हणजे हाच गरम डांबरी माल, बसतं. तुमच्या तक्त्यातलं क्षेत्रफळ आणि खोली यावरून एकूण माल काढा. त्या दिवशी किती टनाची गाडी आली याच्याशी ताडा, म्हणजे पुढे मोजमापाच्या आकड्यांवर बोलता येईल.

आणि मूळ कारण बघा. चाक फक्त तुकडे उचलतं, डांबर खडीपासून सोडवतं ते पाणी. ६ मीटर डांबरी पट्ट्याला दोन ते अडीच टक्के उतार धरला तर रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ६ ते ७.५ सेंमी उंच हवा. दोरी ताणून बघा. मध्य सपाट झाला असेल, कडेची माती वर आली असेल किंवा पावसाळी गटाराची जाळी रस्त्यापेक्षा उंच असेल, तर पॅच कितीही चांगला केला तरी शेजारी नवा खड्डा पडणार. गतिरोधकाच्या चढाच्या बाजूलाही पाणी तुंबतं, तिथले खड्डे त्याचेच. आणि ऐन एप्रिलमध्ये एखादा खड्डा ओला दिसला तर ती नळजोडणीची गळती. ती आधी पाणीपुरवठा विभागाकडून दुरुस्त करून घ्या, नाहीतर डांबर वाया.

सोमवार_तीन_ते_पाच

माहिती अधिकाराकडे धावायच्या आधी फुकटचा मार्ग वापरा. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघायला मिळाले पाहिजेत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आदल्या आठवड्यात विभागीय कार्यालयात एक साधं पत्र द्या की अमुक रस्त्याच्या फाइल बघायच्या आहेत. नाहीतर 'फाइल मुख्यालयात आहे' ऐकून परत यावं लागतं.

बघायचं काय? त्या रस्त्याचं शेवटचं डांबरीकरण कोणत्या कामात झालं, काम पूर्ण झाल्याची तारीख, आणि दोष दायित्व कालावधी किती वर्षांचा. डीएलपी म्हणतात ते हेच. या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि त्याची सुरक्षा अनामत तोवर महापालिकेकडे अडकलेली असते. कालावधी सगळ्या कामांना सारखा नसतो, निविदेच्या अटींत असतो तो खरा. तुमचा रस्ता डीएलपीत निघाला तर 'निधी नाही' हे उत्तरच गैरलागू ठरतं. मागणी एवढीच करायची : ठेकेदाराला नोटीस द्या, मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर अनामतीतून करा.

मग माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून चालतं. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. प्रत २ रुपये पान. 'रस्ता का दुरुस्त केला नाही' असा प्रश्न विचारू नका, कारणं ही 'माहिती' नाही म्हणून अर्ज फेटाळायला सोपं जातं. कागद मागा. मजकूर असा ठेवा :

'अमुक ते अमुक रस्ता, प्रभाग क्रमांक अमुक, पंचवटी विभाग. १ एप्रिल २०२१ पासून आजपर्यंत या रस्त्यावर झालेल्या डांबरीकरण, दुरुस्ती व खोदाई कामांसंबंधी पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात : कार्यारंभ आदेश, काम पूर्णत्वाचा दाखला, दोष दायित्वाची अट, मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, ठेकेदारास दिलेल्या नोटिसा, खोदाई परवानगी व भरलेली तोडफोड फी.'

उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील, पण तिथे वाट बघावी लागते. त्यामुळे पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. फायली बहुतेक वेळा तिथेच बाहेर येतात.

एक कलम लोक विसरतात. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे काम चालू असताना डांबराचा नमुना मागता येतो. नुसता तसा अर्ज पडला तरी साइटवर थर्मामीटर उगवतो.

म्हसरूळकर

सगळ्यांचे आभार, तक्ता करायला घेतलाय. दोन शंका. एक, 'पाऊस संपल्याशिवाय डांबर टाकता येत नाही' असं सगळीकडे ऐकू येतं, ते कितपत खरं? आणि चराचं काय?

हॉटमिक्स

अर्धं खरं. ओल्या तळावर हॉटमिक्स चिकटत नाही आणि पावसाळ्यात प्लँटही बंद असतात. पण पावसाळ्यासाठी तयार कोल्ड मिक्स असतं, गार वापरायचा डांबरी माल, पिशवीतून येणारा. त्याच्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं २०१४ चं वेगळं मानक आहे, आयआरसी ११६. खड्ड्यातलं साचलेलं पाणी काढलं आणि सैल माल उचलला की ओलसर तळावरही ते बसतं. दाबायचं मात्र तसंच नीट, प्लेट कॉम्पॅक्टरने. तेव्हा पावसाळ्यात मागणी 'आत्ता कोल्ड मिक्सने तात्पुरती दुरुस्ती, पाऊस उघडल्यावर चौकोनी कापून हॉटमिक्स पॅच' अशी दोन टप्प्यांत लिहा. दोन्हींच्या तारखा मागा.

तुमच्या तक्त्यात खड्डे आणि भेगाळलेला भाग मिळून एकूण डांबराचा मोठा हिस्सा निघाला तर पॅचवर समाधान मानू नका, थेट अस्तरीकरण, म्हणजे सगळ्या रस्त्यावर डांबराचा नवा थर, मागा. ठिगळांना ठिगळं जोडली की सांधे वाढतात, आणि प्रत्येक सांधा पाण्याला वाट. फक्त अस्तरीकरणाआधी जुना थर खरवडून काढायला सांगा. थरावर थर चढवत गेलं की रस्ता घरांच्या जोत्याच्या वर जातो आणि पाणी पार्किंगमध्ये.

चर_आणि_चेंबर

चराबद्दल मी सांगतो, कारण तुमच्या रस्त्याचा खरा रोग तोच दिसतोय. आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरात सध्या खोदाई जागोजागी आहे, तेव्हा इतरांनाही उपयोगी पडेल.

चर कोणी खणला ते आधी ठरवा. बाहेरची एजन्सी असेल, गॅस, केबल, वीज, तर तिने महापालिकेकडून परवानगी घेऊन तोडफोड फी भरलेली असते. अशा वेळी फी भरल्यामुळे रस्ता पूर्ववत करणं महापालिकेकडे येतं की अटींप्रमाणे एजन्सीने स्वतः करायचं आहे, हे परवानगीच्या कागदावरच कळतं. ती प्रत हातात आल्याशिवाय कोणाशीही वाद घालू नका. एजन्सी महापालिकेकडे बोट दाखवेल, ते एजन्सीकडे. महापालिकेच्याच पाणीपुरवठा किंवा मलनिस्सारण विभागाचं काम असेल तर त्या निविदेच्या अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करण्याची बाब आहे का ते बघा. असेल आणि मोजमाप पुस्तकात तिची नोंद झालेली असेल, म्हणजे बिल निघालेलं असेल, तर तुमचा अर्ज तक्रारीचा राहत नाही, वसुलीचा होतो.

डीएलपीत खोदाई झाली की रस्त्याचा ठेकेदार 'माझा रस्ता दुसऱ्याने खोदला' म्हणून हात वर करतो. चरापुरतं ते बरोबरही आहे. पण चरापासून चार मीटरवरचा खड्डा त्याचाच. म्हणून तक्त्यात चराच्या कडेचे खड्डे आणि बाकीचे खड्डे वेगळ्या रकान्यांत लिहा.

चर का खचतो? निघालेली काळी माती परत आत ढकलतात. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, रस्त्याखाली तिला जागाच नाही. त्यात मीटर-सव्वा मीटर खोल चर एकाच दमात भरतात आणि फक्त वरून दाबतात, त्यामुळे खाली पोकळ. बरोबर पद्धत म्हणजे पाइपभोवती बारीक माल, त्यावर निवडक मुरूम १५ ते २० सेंमीच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून दाबायचं. वरचे ३० सेंमी खडीच्या थरांसाठी राखायचे, मग डांबर. डांबर टाकताना चराच्या दोन्ही कडांना आणखी १५ सेंमी जुनं डांबर कापून घ्यायचं, कारण खोदताना ती कड खालून पोखरलेली असते.

तपासणी सोपी. काम झालं असं सांगतील तेव्हा, वर डांबर पडायच्या आधी, चरात पहार मारा. वीतभर जाऊन अडली तर ठीक. वजनानेच हातभर आत गेली तर अभियंत्याला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा मारा, आणि व्हिडिओ घ्या.

अर्जात 'चर उकरून थरांनी भरणे' हे शब्द असू द्या. नाहीतर खचलेल्या चरावर डांबराचा नवा थर येईल आणि पुढच्या जुलैत तोही खाली बसेल.

गोदाकाठ

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा वर्गणी काढून कोल्ड मिक्सच्या पिशव्या आणून टाकल्या तर? दोन रविवारांचं काम.

हॉटमिक्स

वळणावरचे एक-दोन जीवघेणे खड्डे तात्पुरते भरायला हरकत नाही. २५ किलोची पिशवी ५ सेंमी खोलीला साधारण पाव चौरस मीटर भरते, म्हणजे एका चौरस मीटरला चार पिशव्या. वीस खड्ड्यांचा हिशेब केलात की वर्गणीचा उत्साह आपोआप कमी होईल. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो, तो नसेल तर धुमसाने नीट कुटा. भरण्याआधी मापांसह फोटो मात्र घ्या. चराला अजिबात हात लावू नका. तिथे तुमचा माल पडला की कोणी काय केलं याचा पुरावा गेला.

फाइल_नंबर

आणखी एक कागद अर्जाला जोडा. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिली आहे. मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत दावा ठरवायला समिती आहे, आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची आणि ती जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची, असा आदेश आहे. तुमच्या कामाची ओळ वेगळीच : खड्डा लक्षात आल्यावर किंवा आणून दिल्यावर ४८ तासांत त्यावर कार्यवाही व्हायला हवी, नाहीतर तो घोर निष्काळजीपणा धरला जाईल.

म्हणूनच अर्जावरच्या आवक शिक्क्याची तारीखच नाही तर वेळही लिहून घ्या. ४८ तास तिथून मोजले जातात. अपघात झालाच तर पोलिसांच्या पंचनाम्यात खड्ड्याची मापं आणि जागा आली पाहिजे. 'वाहन घसरून पडले' एवढंच लिहिलं गेलं की पुढे दावा लंगडा होतो.

लोकशाही दिनाचाही, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकायच्या ठरलेल्या दिवसाचाही, विचार कराल. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, १५ दिवस आधी द्यावा लागतो. आणि निवेदन वैयक्तिक स्वरूपाचं लागतं. पाच सोसायट्यांचं सामूहिक निवेदन त्या कारणावरून परत येऊ शकतं. म्हणून एकाच्या नावाने, त्याच्या फाटकासमोरच्या खड्ड्यापुरता अर्ज करा. सामूहिक अर्ज कार्यकारी अभियंत्याकडेच राहू द्या.

अस्तरीकरण हवं असेल तर वेळ पाळा. निधीची तरतूद मार्चआधीच्या अंदाजपत्रकात होते. तेव्हा रस्त्याचं नाव दिवाळीनंतर लगेच प्रस्तावात गेलं तर पुढच्या वर्षी काम दिसेल. मे महिन्यात मागितलं तर पावसाळ्याआधीचे ठिगळच मिळणार.

म्हसरूळकर

मसुदा असा केलाय, बघा :

'विषय : अमुक कॉलनी रस्त्याच्या दुरुस्तीबाबत. महोदय, सदर रस्त्याची अत्यंत दयनीय अवस्था झालेली असून नागरिकांना प्रचंड त्रास सहन करावा लागत आहे. तरी खड्डे तातडीने बुजवावेत, ही नम्र विनंती. सोबत : खड्ड्यांचा तक्ता, फोटो, १२० रहिवाशांच्या सह्या.'

फाइल_नंबर

तक्ता आणि फोटो उत्तम. मजकूर बदला. 'दयनीय अवस्था' वाक्य काढा, त्या जागी : 'शून्य ते ४०० मीटर लांबीत इतके खड्डे, एकूण क्षेत्रफळ इतके चौ.मी., डाव्या बाजूस इतके मीटर लांबीचा खचलेला चर.' 'बुजवावेत'च्या जागी तीन मागण्या, वेगवेगळ्या क्रमांकांनी. पहिली, ४८ तासांत कोल्ड मिक्सने तात्पुरती दुरुस्ती, मुरूम किंवा पेव्हर ब्लॉक न वापरता. दुसरी, चर उकरून थरांनी भरणे व त्यावर डांबर, खोदाई करणाऱ्याच्या खर्चाने. तिसरी, रस्ता दोष दायित्व कालावधीत असल्यास ठेकेदारास नोटीस, नसल्यास अस्तरीकरणाचा प्रस्ताव. तिन्हींवर स्वतंत्र लेखी उत्तर मागा, नाहीतर पहिलीवर मुरूम टाकून तिन्ही मिटल्या असं कळवतील.

ई-कनेक्टचा तक्रार क्रमांक विषयाच्या खालीच, संदर्भ म्हणून.

सह्यांचा गठ्ठा मूळ अर्जाला टाचू नका, त्याची झेरॉक्स जोडा आणि मूळ सह्या स्वतःकडे ठेवा. आणि शिक्का दुसऱ्या प्रतीच्या पहिल्या पानावर घ्या, तक्त्याच्या प्रत्येक पानावरही. नुसत्या पहिल्या पानावर असला की 'तक्ता जोडलेलाच नव्हता' हे ऐकायला मिळतं.

म्हसरूळकर

बदलतो. सोमवारी फाइल बघायला जातोय, डीएलपीची तारीख मिळाली की इथे टाकतो.